अंधारातला हिशेब मागा : फोटोकॅटॅलिसिसच्या संपादकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

संपादक आणि परीक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

सांडपाण्यातला रंग काढणारा नवा सच्छिद्र कंपोझिट फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रंग मोडणारा मिश्र पदार्थाचा उत्प्रेरक, बनवल्याचे शोधनिबंध तुमच्या टेबलावर रोज येऊन पडत असणार. त्यातला कुठलाही उचलला तरी पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असतं. पहिल्या परिच्छेदात जगात किती टन रंग तयार होतो याचा तोच तो आकडा, एका निबंधातून दुसऱ्यात उतरत आलेला. मग मेथिलीन ब्लू हा निळा रंग, ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास अंधार, झेनॉनचा दिवा, तासाभरात ९८ टक्के 'विघटन', पाच वेळा पुनर्वापर, आणि शेवटच्या ओळीत 'औद्योगिक सांडपाण्यासाठी अत्यंत आश्वासक'. मी दुसऱ्या टोकाला काम करतो. रंगाईचं पाणी जिथे टाकीत येऊन पडतं आणि सोडण्यालायक करून पुढे द्यावं लागतं, तिथे. हे आश्वासन आमच्या नावावर दिलेलं असतं, म्हणून आमचंही थोडं ऐकून घ्या.

तक्रार विद्यार्थ्यांबद्दल नाही. जे छापून येतं तेच ते करणार, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. निबंध आत घ्यायचा की परत पाठवायचा हे तुम्ही ठरवता, म्हणून मागणी तुमच्याकडे. ती एकच आहे : रंग पाण्यातून निघाला आणि रंग नष्ट झाला, या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा दाखवल्याशिवाय 'विघटन' हा दावा छापू नका.

सच्छिद्र पदार्थांच्या बाबतीत हे का इतकं निकडीचं, ते एका साध्या गणितातून दिसतं. नेहमीचा प्रयोग घ्या. १०० मिलिलिटर पाणी, त्यात लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात मेथिलीन ब्लू, वर ५० मिलिग्रॅम पावडर. बीकरमधला एकूण रंग भरतो १ मिलिग्रॅम. आता या पावडरीत कार्बन, चिकणमाती, ग्राफीन ऑक्साइड किंवा मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क (धातू आणि सेंद्रिय रेणूंची छिद्रांची जाळी) मिसळलेलं आहे, आणि अशा पदार्थांनी ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू धरून ठेवणं ही अगदी नेहमीची गोष्ट. त्या हिशेबाने ५० मिलिग्रॅम पावडर ५ मिलिग्रॅम रंग पोटात घालू शकते. म्हणजे बीकरमधल्या रंगाच्या पाचपट. दिवा लावायची गरजच नाही.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. पुनर्वापराचे प्रयोग किती वेळा होतात? बहुतेक ठिकाणी पाच. पाच वेळा एकेक मिलिग्रॅम, एकूण ५ मिलिग्रॅम. उत्प्रेरक संपूर्ण निकामी असला, नुसता टिपकागद असला, तरी पाचव्या फेरीपर्यंत आलेख जवळपास सपाट राहू शकतो. रंग विरळ असताना पूर्ण क्षमता वापरली जात नाही, धुताना थोडा रंग सुटतो, हे सगळं धरून आकडा खाली आणा. तरी मुद्दा तोच. शेवटच्या फेरीत ९८ चे ९१ झाले की लेखक लिहितात, 'थोडी पावडर धुताना वाया गेली'. असेलही. पण छिद्रं भरत आली असतील तरी आलेख असाच उतरेल, आणि दोन्हींत फरक करणारा एकही आकडा निबंधात नसतो.

याच गणिताची दुसरी बाजू. १ मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू म्हणजे सुमारे ३ मायक्रोमोल. ५० मिलिग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटानिया हा नेहमीचा उत्प्रेरक, भरतो सुमारे ६२६ मायक्रोमोल. रंगाच्या एका रेणूमागे उत्प्रेरकाची दोनशे एककं. पाच फेऱ्यांनंतरही चाळीसास एक. पृष्ठभागावरचीच एककं काम करतात, आतली नाहीत, हे मान्य. तरीही एखादं ठिकाण पुन्हा पुन्हा कामाला येतं की एकदा वापरून संपतं, हे या प्रमाणात कळणं अवघड. फेऱ्या पन्नास करा, किंवा पावडर दहापट कमी घ्या. मग बोलू.

अर्धा तास अंधारात ढवळून समतोल साधतो, म्हणजे पावडर टिपायचा तेवढा रंग टिपून थांबते, असं तुमच्याकडे सरसकट मान्य होतं. ते कुठून आलं? सपाट, छिद्रं नसलेल्या टायटानियासाठी अर्धा तास बहुधा पुरतो. दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांच्या जाळ्यात रेणूला आत झिरपायला कित्येक तास लागू शकतात. मग अर्ध्या तासाला दिवा लावला की उरलेलं झिरपणं सगळं 'प्रकाशातल्या विघटना'च्या खात्यावर जमा होतं. दिव्याने पाणी तापलं तर झिरपणं आणखी वेगाने. अंधारातला प्रयोग प्रकाशातल्या प्रयोगाइतकाच लांब, त्याच तापमानाला, त्याच आलेखावर दाखवा, एवढी अट घातली तर किती निबंध परत जातील याची मला उत्सुकता आहे.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, आणि तिला कसलंही महागडं यंत्र लागत नाही. ठराविक वेळाने नमुना काढतात, सेंट्रिफ्यूज करतात, वरचं नितळ पाणी स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रात) घालतात. तळाशी बसलेल्या साक्याकडे कुणी पाहत नाही. तो पाहा. सुरुवातीला पांढरी, पिवळसर किंवा राखाडी असलेली पावडर आता निळीशार झालेली असते. कार्बन मिसळलेली काळी पावडर असेल तर तेही दिसत नाही, आणि काळ्या कंपोझिटची ही सोय मला जरा जास्तच सोयीची वाटते. त्या साक्यावर थोडं अल्कोहोल आणि चिमूटभर आम्ल घालून हलवलं तर बराचसा रंग पुन्हा बाहेर येतो. तो मोजा. सुरुवातीचा रंग उणे पाण्यात उरलेला उणे पावडरीतून सुटून आलेला. ही वजाबाकी करायला एक दुपार पुरते. सतरंजीखाली किती झाडलं आणि खरोखर किती उचललं, ते त्या एका आकड्यात कळतं.

आता 'नष्ट झाला' या शब्दाकडे. मेथिलीन ब्लूचा रंग ६६४ नॅनोमीटरच्या शिखरावर मोजतात. रेणूवर चार मेथिल गट असतात. ते एकेक करून गळायला लागले की आझ्यूर बी, आझ्यूर ए, आझ्यूर सी आणि शेवटी थायोनिन तयार होतं. शिखर डावीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकत जातं. ६६४ वर नजर खिळवून बसलेल्याला वाटतं रंग चालला. प्रत्यक्षात रेणूचा सांगाडा जसाच्या तसा उभा आहे, फक्त टोकाचे गट गेलेत. ऱ्होडामिन बी या दुसऱ्या रंगाचंही तसंच : एथिल गट गळले की ५५४ चं शिखर ४९८ च्या आसपास येतं. वाईट म्हणजे मेथिलीन ब्लूला नुसते दोन इलेक्ट्रॉन दिले की तो ल्यूको रूपात जाऊन बिनरंगी होतो, आणि बाटलीत हवा घालून हलवलं की पुन्हा निळा. हे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात दाखवतात. तुमच्याकडे येणाऱ्या निबंधांमध्ये याची खातरजमा केलेली क्वचित दिसते.

या रेणूचं संपूर्ण ऑक्सिडेशन म्हणजे काय, ते समीकरणातच पाहा. एका रेणूला साडेपंचवीस ऑक्सिजन रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड १६, नायट्रिक आम्ल ३, सल्फ्युरिक आम्ल १ आणि हायड्रोक्लोरिक आम्ल १ असे रेणू बनतात, उरलेलं पाणी. इलेक्ट्रॉनांत मोजलं तर १०२ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. रंग घालवायला त्यातले पहिले काही पुरतात. म्हणून ९८ टक्के रंग गेला तरी एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी, किती गेला हे त्यावरून कळत नाही. लिटरला १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लूमध्ये कार्बन फक्त ६ मिलिग्रॅम असतो. तो मोजायला चांगलं यंत्र लागतं हे खरं. मग सुरुवातीचा रंगच जास्त घ्या, कुणी अडवलंय? आणि टीओसी पाण्यातला कमी झाला तरी तो छिद्रांत जाऊन बसलेला असू शकतो, तेव्हा पावडरीतला कार्बनही मोजायला हवा. बंद भांड्यात निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला तर वादच मिटतो. सल्फेट आणि नायट्रेटचे आयन बाहेर आले का, हे तपासणंही त्यामानाने सोपं आहे.

यात नवं काही नाही. फोटोकॅटॅलिसिसचे संशोधक बुन्शो ओहतानी यांच्या गटाने २००६ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता : दृश्य प्रकाशात चालणाऱ्या उत्प्रेरकाची परीक्षा मेथिलीन ब्लूवर घेणं योग्य आहे का? उत्तर नकारार्थी होतं. रंग स्वतःच प्रकाश शोषतो, उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतो आणि त्यात स्वतः मोडतो. उत्प्रेरकाने प्रकाश वापरला असं त्यावरून म्हणता येत नाही. फिनॉलसारखा बिनरंगी पदार्थ सोबत घेतला की ही पळवाट बरीचशी बंद होते. २०१० पासून मेथिलीन ब्लूच्या चाचणीचं आयएसओ १०६७८ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, पण ते अतिनील प्रकाशात पृष्ठभागाची चाचणी घेण्यासाठी. दृश्य प्रकाशातल्या पावडरीच्या दाव्यांना त्याचा आधार देता येत नाही.

इथपर्यंतचं तुमच्यापैकी अनेकांना माझ्याहून चांगलं माहीत असेल. छिद्रांबद्दलचा पुढचा मुद्दा मात्र मला फारसा कुणी बोलताना दिसत नाही.

बीईटीचा आकडा, म्हणजे वायू टिपून मोजलेलं पृष्ठफळ, हल्ली मिरवायचा आकडा झाला आहे. नेहमीच्या पी-२५ टायटानियाचं पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे ५० चौरस मीटर. यूआयओ-६६ सारख्या फ्रेमवर्कचं हजाराच्या वर, एमआयएल-१०१ चं तीन हजारांच्या वर जातं. निबंधात लिहितात : पृष्ठफळ वीसपट, म्हणून सक्रियता जास्त. टिपण्यासाठी हे बरोबर आहे. नष्ट करण्यासाठी लागतो फोटॉन, आणि छिद्रं पाडून फोटॉन वाढत नाहीत. बीकरवर जेवढा प्रकाश पडतो तेवढाच पडतो. शिवाय कणाच्या आत खोलवर तो पोचतच नाही, बाहेरचा थरच तो खाऊन टाकतो. आतल्या छिद्रांत बसलेला रंगाचा रेणू अंधारात बसून असतो. प्रकाशामुळे पृष्ठभागावर तयार होऊन रंग मोडणारा अतिक्रियाशील कण म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक. त्याचं आयुष्य काही नॅनोसेकंदांचं. बाहेर तयार झालेला मूलक आत त्या रेणूपर्यंत चालत जाणार नाही.

फोटॉनांचा हिशेब उघड्यावर मांडून पाहू. चांगल्या उन्हातल्या अतिनील भागासाठी चौरस मीटरला ३० वॅट धरा. त्यातून तासाला ढोबळमानाने मोलचा एक तृतीयांश एवढे फोटॉन मिळतात. शंभरातले पाच कामी आले असं मानू, सांडपाण्यासाठी हे उदारच आहे. म्हणजे तासाला साधारण १६ मिलिमोल इलेक्ट्रॉन. जैविक प्रक्रिया होऊन आलेल्या पाण्याचा सीओडी (त्यातला सेंद्रिय माल जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर लिटरमागे १२.५ मिलिमोल इलेक्ट्रॉन काढावे लागतात. सहा तास उत्तम ऊन मिळालं तर एक चौरस मीटर दिवसाला आठेक लिटर पाणी निवळवेल. रोज १००० घनमीटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला तेरा हेक्टरांच्या आसपास जागा लागेल. हवेतला ऑक्सिजन साखळी अभिक्रियांत हातभार लावतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा सुधारेल. पण कच्च्या पाण्याचा सीओडी यापेक्षा कितीतरी जास्त असतो, तो बिघडवेल. या संपूर्ण गणितात पृष्ठफळ कुठे आलं? कुठेच नाही.

यावर उत्तर असतं दृश्य प्रकाशाचं. उन्हात अतिनील प्रकाश जेमतेम चार-पाच टक्के, मग बँड गॅप (उत्प्रेरकाला जागं करायला लागणारी किमान ऊर्जा) कमी करा, बाकीचं ऊन वापरा. अ‍ॅनाटेज या टायटानियाच्या रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ३८८ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश. ग्रॅफिटिक कार्बन नायट्राइडला २.७, म्हणजे ४६० पर्यंतचा चालतो. फोटॉन वाढले खरे. पण त्याच्या होलची (इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर मागे उरलेल्या धन जागेची) ऑक्सिडेशनची ताकद कमी, पाण्यातून थेट हायड्रॉक्सिल मूलक काढण्याइतकी ती नाही. तिथे रंग फिका होतो आणि सांगाडा शिल्लक राहण्याचा धोका वाढतो. म्हणजे जिथे टीओसी मोजणं सगळ्यात गरजेचं, नेमकं तिथेच ते नसलेलं मी वाचतो. कॅडमियम सल्फाइडची कंपोझिट तर मी निमूटपणे बाजूला ठेवतो. प्रकाशात ते स्वतःच विरघळत जातं. रंग काढून पाण्यात कॅडमियम सोडायचं, हा सौदा आम्हाला परवडणारा नाही.

आता आमच्या टाकीतल्या पाण्याविषयी, कारण प्रत्येक निबंधाची शेवटची ओळ त्याच्याबद्दल असते.

सुती कापड रंगवताना सगळ्यात जास्त त्रास देणारे रंग म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह डाय. त्यांचा काही भाग धाग्याला न चिकटता पाण्याबरोबर विरघळून विसर्जित होतो. ते ऋणभारित असतात, मेथिलीन ब्लू धनभारित. ते आकाराने मोठे : रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ चं रेणूवस्तुमान ९९२ च्या घरात, मेथिलीन ब्लूचं ३२०. ज्या अरुंद छिद्रांत मेथिलीन ब्लू आडवातिडवा होऊन शिरतो, तिथे हा शिरेलच असं नाही. रंगाईच्या पाण्यात सोडा अ‍ॅश असतो, पीएच १० ते ११. टायटानियाचा पृष्ठभाग सहा-साडेसहाच्या वर ऋण होत जातो. म्हणजे प्रयोगशाळेत ऋण पृष्ठभाग धन रंगाला ओढून घेतो आणि आमच्याकडे ऋण पृष्ठभाग ऋण रंगाला ढकलतो. तुम्ही ज्या रेणूवर परीक्षा घेता तो आमच्या रेणूच्या बरोबर उलटा आहे. मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) रंगाईच्या कुंडात लिटरला काही दशक ग्रॅम पडलेलं असतं. त्याने हे ढकलणं थोडं झाकलं जातं, पण क्लोराइड आणि सल्फेट स्वतःच जागा अडवून बसतात. वर क्लोराइडचं ऑक्सिडेशन झालं तर क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ बनण्याची धास्ती वेगळीच.

सोडा अ‍ॅशचं आणखी एक आहे. तो म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि कार्बोनेट हा हायड्रॉक्सिल मूलकाचा भुकेला ग्राहक. लिटरला एक ग्रॅम सोडा आणि ५० मिलिग्रॅम रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या. रंगाचा मूलकाशी अभिक्रियेचा वेग भौतिकदृष्ट्या शक्य तेवढा, प्रति मोलर प्रति सेकंद जवळपास १०चा दहावा घात, मानला तरी कार्बोनेट सुमारे सहापट मूलक खाऊन जातं. हातात उरतो कार्बोनेट मूलक. तो सौम्य, निवडक, सगळ्यांवर चालत नाही. पाणी आधी आम्लाने खाली आणावं लागतं आणि त्या आम्लाचा, वाढलेल्या मिठाचा हिशेब कुणाच्याच आलेखात नसतो.

छिद्रं खरी कामाला येतात ती इथे. रेणू पृष्ठभागाला चिकटलेला असेल, तर नॅनोसेकंदभर जगणाऱ्या मूलकाला तो कार्बोनेटच्या आधी सापडतो. छिद्रांच्या बाजूने हा युक्तिवाद मला पटतो, आणि कंपोझिटच्या कल्पनेवर माझा रोष अजिबात नाही हे इथे सांगून ठेवतो. टिपणारा भाग आणि जाळणारा भाग एकमेकांना लगटून असले, तर विरळ प्रदूषक एकवटतो आणि मग मोडतो. पण मग ते खऱ्या पाण्यात, ऋण रंगावर, सोड्याच्या हजेरीत दाखवा ना. युक्तिवादाचा कस तिथेच लागतो आणि प्रयोग मात्र ऊर्ध्वपातित पाण्यात होतो.

विजेचं थोडक्यात सांगतो. ३०० वॅटचा झेनॉन दिवा, १०० मिलिलिटर पाणी, एक तास, ९० टक्के रंग गेला. यात ०.३ युनिट वीज लागली. घनमीटरला ३००० युनिट. रोजच्या १००० घनमीटरला ३० लाख युनिट, म्हणजे १२५ मेगावॅटचं केंद्र रात्रंदिवस आमच्यासाठी राबवायचं. प्रयोगशाळेतला दिवा काटकसरीसाठी बनवलेला नसतो, तेव्हा या आकड्याने कुणाला फासावर द्यायचं नाही. तरी २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात प्रगत ऑक्सिडेशन पद्धतींची तुलना झाली, तेव्हा अतिनील दिव्यांवरचं फोटोकॅटॅलिसिस घनमीटरला १०० युनिटच्या वरच्या गटात बसलं आणि ओझोनसारख्या पद्धती एका युनिटच्या आतल्या गटात. ही तुलना करण्यासाठी प्रदूषक एकदशांश करायला लागणारी वीज मोजण्याची पद्धत आययूपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २००१ पासून दिलेली आहे. सूत्र एका ओळीचं आहे. मिनिटाला अमुक वेगाचा स्थिरांक छापण्यापेक्षा तो आकडा छापा. दोन वेगळ्या दिव्यांखाली, वेगळ्या भांड्यांत काढलेले वेगाचे स्थिरांक एका तक्त्यात शेजारी मांडून 'आमचा साडेतीनपट' म्हणण्यात काय अर्थ आहे, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही. तो तक्ता तर परीक्षकच मागतात असं ऐकतो. मागू नका.

आता तुम्ही म्हणाल, नुसती हरकत घेणं सोपं. तर मला कुठला निबंध वाचायला आवडेल, तेही लिहितो.

ऊन दिवसातून काही तासच असतं आणि पाणी चोवीस तास येतं. सच्छिद्र कंपोझिटचं खरं मोल मला यात दिसतं. पाणी अंधारात पदार्थाच्या थरातून जाऊ द्या, रंग छिद्रांत अडकू द्या, पाणी पुढे जाऊ द्या. थर भरला की पाणी काढून त्यावर प्रकाश टाका आणि अडकलेलं जाळा. मग खारट, आम्लारीधर्मी, गडद पाण्यातून प्रकाश पाठवायचं संकटच उरत नाही, कार्बोनेट धुऊन काढता येतं, प्रकाश थेट पदार्थावर पडतो. फोटॉनांचं गणित यानेही बदलत नाही, तेवढाच रंग जाळायला तेवढेच लागणार. पण पाणी थांबत नाही आणि फोटॉन पाण्यात वाया जात नाहीत. या वाटेने जाणारा प्रयोग असा दिसेल : कंपोझिट अंधारात पूर्ण भरा. पाणी काढा. ओला थर प्रकाशात ठेवा, निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजा. मग पुन्हा अंधारात भरा आणि पहिल्याच्या किती टक्के क्षमता परत आली ते सांगा. पन्नास वेळा करा. शंभर टक्के परत यायची कुणाची अपेक्षा नाही. तिसाव्या फेरीला ६० टक्के उरली, असं प्रामाणिकपणे लिहिलेला निबंध मी जपून ठेवीन, कारण त्यावरून थर किती दिवसांनी बदलायचा ते मला काढता येईल. ९८ टक्क्यांवरून मला काहीच काढता येत नाही.

त्यासोबत आधाराचं काय होतं तेही हवं. कायटोसॅन या सेंद्रिय बहुवारिकाच्या मण्यांत टायटानिया बसवलेला असेल तर हायड्रॉक्सिल मूलक कायटोसॅनलाही सोडत नाही, आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड रंगाचा की मण्याचा हे बिनरंगाच्या प्रयोगाने वेगळं काढावं लागेल. लोहचुंबकीय गाभ्यावर टायटानिया थेट बसवला तर प्रकाशात लोह विरघळतं, मध्ये सिलिकाचा थर लागतो, हे २००० च्या सुमारासच दाखवून झालं आहे. तरी अजून थेट बसवलेले नमुने येतात आणि 'चुंबकाने सहज वेगळे होतात' म्हणून छापलेही जातात. पाण्यात कुठले धातू उतरले, ते प्रत्येक वेळी मोजून घ्या.

विषारीपणाची चाचणी मी मुद्दाम यादीच्या वर ठेवली नाही. ती महत्त्वाची आहे, अ‍ॅझो रंग अर्धवट मोडून अ‍ॅरोमॅटिक अमाइन निघण्याची शक्यता असते तिथे तर फारच. पण आधी कार्बनचा ताळेबंद जुळू द्या. तो जुळत नसताना चार मुगाच्या दाण्यांना मोड आले म्हणून पाणी निर्धोक ठरवलेले निबंध मी वाचले आहेत. रंग पावडरीत बसला असेल तर मोड येणारच.

एक आक्षेप मला माहीत आहे. एवढं सगळं मागितलं तर साधनं नसलेल्या छोट्या प्रयोगशाळा बाहेर पडतील. म्हणूनच मी सुरुवात टीओसी यंत्राने करत नाही. लांब अंधारातला प्रयोग, साक्यातून रंग सोडवून केलेली वजाबाकी, पूर्ण स्पेक्ट्रम, बिनरंगी पदार्थावरची एक चाचणी, भांड्यात सोडा आणि मीठ घालून केलेली एक फेरी : यातल्या कशालाही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि सेंट्रिफ्यूजपलीकडे काही लागत नाही. महागडं लागतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र आणि एक्सपीएस (पृष्ठभागाचं क्ष-किरण विश्लेषण), आणि ते सगळे निबंधात आधीच असतात. त्यांच्यावर झालेल्या खर्चाच्या अंशात वजाबाकी होऊन जाईल.

तेव्हा नियम साधा ठेवा. 'लेखकांसाठी सूचना' या पानावर एक ओळ घाला : सच्छिद्र पदार्थाचा निबंध असेल तर प्रकाशातल्या प्रयोगाइतकाच लांब अंधारातला प्रयोग आणि पावडरीतून परत मिळालेल्या रंगाचा आकडा, हे दोन्ही मुख्य निबंधात हवेत, पुरवणीत नव्हे. नसतील तर परीक्षकांकडे न पाठवता परत करा. आणि ज्यांचा आकडा ९८ वरून ४० वर उतरेल त्यांना परत पाठवू नका. तो ४० खरा असेल, तर आमच्या कामाचा आहे.

आपला,
सांडपाणी प्रक्रियेच्या कामातला एक अभियंता